पश्चिमेकडे तोंड केलेला मठ

त्या वर्षी आमच्या घरात दोनच विषय चालायचे. एक, मला जूनमध्ये महाडला पाठवायचं की नाही. दुसरा, इंग्लंडमधल्या एका पडक्या मठात कोण कुठे झोपायचं, काय खायचं आणि कुणाला बोलायची परवानगी होती. पहिल्या विषयावर अब्बा बोलायचे आणि मी ताटाकडे बघत बसायचे. दुसऱ्यावर मी बोलायचे आणि अब्बा मध्ये मध्ये टोचायचे. अम्मीला दोन्ही विषयांचा कंटाळा आला होता आणि ती तसं उघड म्हणायचीही. पण मठातल्या लोकांना जेवायला काय मिळायचं, हे सगळ्यात आधी तिनेच विचारलं होतं.

आम्ही दुबईत सतव्याला राहायचो. एका जुन्या बैठ्या व्हिलाचे मालकाने तीन तुकडे केले होते, त्यातला मागचा आमचा: दोन खोल्या, एका वेळी एकच माणूस वळू शकेल असं किचन, आणि गच्चीवर जायला लोखंडी जिना. खिडकीतला एसी एवढा घरघरायचा की आम्ही सगळेच वरच्या पट्टीत बोलायचो. नव्या पाहुण्याला वाटायचं, इथे भांडण चाललंय. ती सवय अजून गेलेली नाही. मी फोन केला की माझी भाची फोन कानापासून हातभर लांब धरते. एसीचं पाणी बाहेर तुपाच्या रिकाम्या डब्यात टपटपायचं आणि ते अम्मी पुदिन्याला घालायची. सकाळी कोपऱ्यावरच्या इराणी बेकरीतून गरम खबूस रोट्या आणणं माझ्याकडे होतं. दुपारी मात्र तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण, त्यात बदल नाही. मासळी बाजारात सुरमईला कनाद म्हणायचे, पण अम्मीने शेवटपर्यंत सुरमईच मागितली आणि मलबारी मासेवालाही निमूट सुरमईच द्यायचा.

अब्बा रास अल खोरला एका जॉइनरी वर्कशॉपमध्ये फोरमन होते. तिथे दारं, कपाटं, ऑफिसची काउंटरं सगळं व्हायचं, पण अब्बांचा हात खरा रमायचा मशिदीच्या कामात. इमाम ज्या कमानीसमोर उभा राहून नमाज पढवतो, त्या मेहराबीचं लाकडी अस्तर, तिच्या शेजारच्या, प्रवचनासाठीच्या मिंबरच्या पायऱ्या, पुस्तकं ठेवायच्या तिवया. शहरातल्या कितीतरी मशिदींत त्यांचं काम आहे, आणि त्यावर कुठेही त्यांचं नाव नाही, याचं त्यांना काही वाटायचं नाही. नव्या खोलीत पाऊल टाकलं की अब्बा आधी किबला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, कुठे ते बघायचे आणि मग पंखा कुठे ते. आमच्या श्रीवर्धनलाही किबला पश्चिमेला, इथेही पश्चिमेलाच, जरासा दक्षिणेकडे झुकलेला. दुसऱ्या कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहायची वेळच त्या माणसावर कधी आली नव्हती.

आता महाडचं सांगते. आमच्या लोकांत तेव्हा सरळ हिशेब असायचा: मूल दहावीपर्यंत गल्फमध्ये, मग गावाकडे कॉलेज, सायन्स. माझा मोठा भाऊ इरफान असाच गेला होता. महाडला आमच्या चाचांकडे राहायचा, आणि शुक्रवारी दुपारी फोनवर यायचा. घरात होता तेव्हा त्याची बडबड थांबवायला अम्मीला चप्पल उचलावी लागायची. फोनवर मात्र ‘बरं आहे, जेवलो, अभ्यास चालू आहे’ यापलीकडे काही नाही. अम्मी फोन ठेवून थेट किचनमध्ये जायची आणि नळ सोडून उभी राहायची. मला त्या नळाची धास्ती होती. चाचा वाईट नव्हते, पण त्यांच्या घरात मुलींनी ओट्यावर पुस्तक उघडलं तरी ‘मोठी आली शहाणी’ ऐकावं लागे, हे मी सुट्टीत बघितलं होतं. आणि मला सायन्स नको होतं. मला इतिहास हवा होता, इथेच, आमच्याच शाळेतली पुढची दोन वर्षं.

“इतिहास शिकून काय करणार? म्हातारे राजे मोजणार?” अब्बा म्हणायचे.

मी रडले, जेवण सोडलं, अम्मीकडून शब्द टाकून घेतला. शेवटी एका संध्याकाळी चहा बशीत ओतता ओतता त्यांनी अट घातली. माझी इतिहासाची बाई, मिसेस प्रॉक्टर, तिने स्वतः, तिच्या तोंडाने, अब्बांना सांगायचं की ही मुलगी या विषयात काहीतरी करेल. तिने सांगितलं तर मी राहायचं. नाही सांगितलं तर जूनमध्ये महाड, सायन्स, आणि पुन्हा त्यावर चर्चा नाही. “खलास,” म्हणाले, आणि चहा प्यायले.

आमची शाळा इंग्लंडच्या अभ्यासक्रमाची होती, पण वर्गात बहुतेक आमच्यासारखीच: इंडियन, पाकिस्तानी, सुदानी, दोनचार गोरी मुलं. मिसेस प्रॉक्टर ही कुठल्याशा इंजिनीयरची बायको. उंच, उन्हाने नाक कायम सोललेलं, आणि स्तुतीच्या बाबतीत पक्की चिकट. तिच्याकडून ‘नॉट बॅड’ मिळालं तर मुली दिवसभर सांगत फिरायच्या. तिने त्या वर्षी प्रत्येकाला उत्तर इंग्लंडमधली एकेक पडकी वास्तू वाटून दिली. कुणाला किल्ला, कुणाला तटबंदी. माझ्या वाट्याला आला थॉर्नबेकचा मठ. सोबत लायब्ररीतली दोन पुस्तकं आणि मठाचा नकाशा, खोल्यांची नावं लिहिलेला, पण दिशा मुद्दाम न दाखवलेला. त्याचं मॉडेल करायचं, इतिहास सांगायचा, आणि शेवटचा प्रश्न असा: मधलं मोठं चौकोनी अंगण चर्चच्या ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला का? मॉडेल सगळ्यांच्या आईबापांसमोर शाळेच्या हॉलमध्ये मांडायचं होतं. म्हणजे अब्बा आणि मिसेस प्रॉक्टर समोरासमोर येणार, ते तिथेच.

मी पुस्तकं वाचायचे आणि जेवताना घरात सांगायचे. दुसरं कुणाला सांगणार? पांढऱ्या झग्यातले दहाबारा साधू एका ओसाड खोऱ्यात आले. दलदल, काटेरी झुडपं, वर पाऊस. पहिला हिवाळा त्यांनी एका मोठ्या झाडाखाली काढला आणि झाडपाला उकळून खाल्ला. मग हळूहळू दगडी चर्च, त्याला लागून अंगण, अंगणाभोवती झोपायच्या, जेवायच्या, लिहायच्या खोल्या. मेंढ्या पाळल्या, लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांना विकली, आणि झाडाखाली झोपणारे लोक बघता बघता श्रीमंत झाले. अब्बांनी मान हलवली. “पहिले कष्ट, मग कमाई. बरोबर.” मग मी सांगितलं की त्यात दोन जाती होत्या. एक वाचता येणारे साधू, जे प्रार्थना करायचे. दुसरे न वाचता येणारे, जे मेंढ्या सांभाळायचे, दगड फोडायचे, सुतारकाम करायचे. त्यांचं जेवण वेगळ्या हॉलमध्ये, झोपणं वेगळ्या लांबलचक माळ्यावर, आणि चर्चमध्येही त्यांना मागची अर्धी बाजू, मध्ये भिंत.

“म्हणजे लेबर कॅम्प,” अब्बा म्हणाले. “किती माणसं एका माळ्यावर?”

“खूप. रांगेने.”

“आणि खाटा वर-खाली, की एकेकच?”

हे पुस्तकात नव्हतं. पण त्या दिवसापासून मठ त्यांना आपला वाटायला लागला. ते वर्कशॉपमधल्या पोरांची चौकशी करावी तशी त्या मागच्या माळ्यावरच्या लोकांची चौकशी करायचे. त्यांना सुट्टी होती का, गावी जाता यायचं का, आजारी पडलं तर काय. मी सांगितलं की आजाऱ्यांसाठी वेगळं घर होतं आणि तिथे मांस मिळायचं, एरवी कुणालाच नाही. अम्मीने विचारलं, “मग मासे?” मासे चालायचे, म्हटलं. “मग काय बिघडलं त्यांचं?” म्हणाली आणि अब्बांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

माझी धाकटी बहीण तबस्सुम हिला या सगळ्यातून एकच गोष्ट आवडली. साधूंना जेवताना बोलायला बंदी होती, म्हणून ते खुणा करायचे. मासा हवा असेल तर हात पाण्यात शेपटी हलते तसा हलवायचा. दूध हवं तर करंगळी चोखायची. तबस्सुमने एक अख्खा आठवडा तसंच जेवायचं ठरवलं. अम्मी म्हणायची, “तोंड कुठे गेलं तुझं?” ही नुसती हात हलवायची. शेवटी अम्मीनेही शेपटी हलवून दाखवली आणि रिकामं भांडं समोर धरलं: मासा संपला. तबस्सुम ओरडली, “दॅट्स चीटिंग, अम्मी.” अब्बा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. महाडचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही, आणि मला वाटलं, हे असंच राहिलं तर किती बरं.

मठ कसा मोडला ते मी शेवटी सांगितलं. एका राजाला पैसा हवा होता आणि पोपशी त्याचं वाकडं आलं होतं. त्याची माणसं आली, साधूंकडून सह्या घेतल्या आणि मठ बंद केला. साधूंना थोडी पेन्शन दिली. “म्हणजे फायनल सेटलमेंट,” अब्बा म्हणाले. “आणि मागच्या माळ्यावरच्यांना?” ते तोवर फारसे उरलेच नव्हते, म्हटलं, बरेचसे साथीत मेले होते, त्यांच्या जागी पगारी नोकर आले होते, त्यांना थकलेला पगार देऊन वाटेला लावलं. “व्हिसा कॅन्सल,” अब्बांनी मान डोलावली. मग राजाच्या माणसांनी छपरावरचं शिसं काढलं, कारण शिशाला भाव होता. शिसं वितळवून विटा पाडायला चर्चच्या आतच भट्टी लावली, आणि त्या भट्टीत जाळायला साधूंच्या बसायच्या कोरीव बाकांचं लाकूड घातलं.

अब्बांचा घास हातात राहिला. “कोरीव होती?”

“हो. पानं, पक्षी, माणसांचे चेहरे. पुस्तकात दुसरीकडच्या, शाबूत राहिलेल्या बाकांचे फोटो आहेत.”

त्यांनी पुस्तक मागवलं, हात धुऊन. फोटोवर बोट फिरवत बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. “हे एकेक बाक म्हणजे एका माणसाची किती वर्षं असतील,” म्हणाले. “आणि शिसं वितळवायला बाहेर झाडं नव्हती?” झाडं लांब होती, बाकं जवळ होती, एवढंच कारण.  अब्बा जेवण अर्धं टाकून गच्चीवर गेले. मला त्या वयात कळलं नाही की एवढं वाईट वाटण्यासारखं काय आहे त्यात, कोण कुठली माणसं, कुठल्या काळातली. पुढे त्यांनी बनवलेली एक मशीद रस्ता रुंद करायला पाडली, तेव्हा मेहराबीचं लाकूड कुणी काढून ठेवलं का ते विचारायला ते चारदा गेले होते. तेव्हा मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मॉडेल पुठ्ठ्याचं करायचं नाही. शुक्रवारी वर्कशॉप बंद असायचं, फक्त वॉचमन. नमाज झाली की अब्बा पिकअपमधून मला घेऊन जायचे, अम्मीचा डबा सोबत. मोठ्या कामातून उरलेले सागवानाचे तुकडे त्यांनी निवडून ठेवले होते. बंद शेडमध्ये लाकडाचा भुसा, सरस आणि ऊन यांचा एकच वास यायचा. अजून कुठे सुताराचं काम चालू असलं तर मी उगाच थांबते. ते करवतीवर तुकडे पाडायचे, मी पॉलिश पेपरने घासायचे. खांब त्यांनी लेथवर काढले. कमानी पटाशीने. मी म्हणायचे, “अब्बा, एवढं बारीक कुणी बघणार नाही,” आणि ते म्हणायचे, “मी बघणार आहे.”

पाया मांडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, नकाशात दिशा दाखवलेली नाही, ती आपणच शोधायची आहे. अब्बांनी नकाशा उचलून एकदाच बघितला.

“यात शोधायचं काय? इमाम कुठे उभा राहतो?”

“इमाम नाही, अब्बा. पण त्यांचा मोठा चौथरा या टोकाला आहे.”

“मग ते टोक पश्चिमेला. इबादतीच्या जागेचं तोंड दुसरीकडे कुठे असतं?”

मला ते इतकं उघड वाटलं की मी पुन्हा विचार केला नाही. मी जन्मभर पश्चिमेकडे बघणाऱ्या इमारतीच बघितल्या होत्या. अब्बांनी चौथऱ्याचं टोक पश्चिमेला धरलं, आणि सवयीने, हो, जरा दक्षिणेला कलतं केलं. तसं धरलं की अंगण आपोआप चर्चच्या उत्तरेला आलं. अब्बांनी हाताने हवेत सूर्य फिरवून दाखवला. चर्चची भिंत एवढी उंच, सूर्य दक्षिणेकडून जाणार, म्हणजे भिंतीची सावली अंगणावर. “शाबास,” म्हणाले, “अकलेची माणसं होती. दिवसभर सावलीत बसून वाचायची सोय करून ठेवली.” माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आमच्याकडे घर भाड्याने घेताना माणूस पहिलं विचारतो, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं. साधूही त्याच विचाराने वागले असणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

तरीही मी अभ्यासू मुलगी. मिसेस प्रॉक्टर नेहमी म्हणायची, पुरावा द्या. म्हणून मॉडेल घरी आणल्यावर ते मी गच्चीवर ठेवलं, अब्बांनी सांगितलेल्या दिशेला, आणि शाळेच्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगणातली सावली कागदावर उतरवली. अम्मी खालून ओरडत होती, काळी पडशील, कोण करेल तुझ्याशी लग्न. थंडीचे दिवस होते, सूर्य दक्षिणेला खाली. अंगणात अख्खा दिवस सावली. मी इतकी खूश झाले की कागद घेऊन जिना धावत उतरले आणि कोपर फोडून घेतलं. माझ्याजवळ आता नुसतं मत नव्हतं, सिद्ध केलेली गोष्ट होती. मी रात्री पडल्या पडल्या पुढच्या दोन वर्षांची पुस्तकं मनातल्या मनात कव्हर घालून ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला, अम्मीने ईदचा कपड्यांचा जोडा काढला. हॉलमध्ये पुठ्ठ्याचे किल्ले, थर्माकोलच्या भिंती, आणि मध्ये आमचा सागवानी मठ. लोक खरंच थांबत होते. एक सुदानी गृहस्थ अब्बांशी अरबीत बोलून गेले, अब्बांनी छाती जरा पुढे काढली. मी येईल त्याला इतिहास सांगत होते, झाडाखालच्या हिवाळ्यापासून शिशाच्या भट्टीपर्यंत, न अडखळता. अम्मी हळूच म्हणाली, “बघा, कशी बोलते,” आणि अब्बा म्हणाले, “बघतोय.”

मिसेस प्रॉक्टर आमच्या टेबलाशी आली तेव्हा आणखी सातआठ पालक भोवती होते. तिने मॉडेलभोवती एक फेरी मारली, वाकून कमानी बघितल्या. “ब्यूटिफुल वर्क,” म्हणाली, आणि अब्बांकडे बघून मान झुकवली. मग मला म्हणाली, आता सांग, अंगण या बाजूला का? मी गच्चीवरचे सावलीचे कागद पसरले आणि सांगितलं. सावली. ऊन चुकवायला. चर्चची भिंत दिवसभर आडोसा देते. मी बोलत असताना तिचा चेहरा बदलत गेला, पण मला वाटलं ती प्रभावित होतेय.

माझं झाल्यावर ती हळू आवाजात म्हणाली की उत्तर इंग्लंडमध्ये उन्हापासून कुणी पळत नाही, नसीम. तिथे लोक उन्हाची वाट बघतात. चर्चचा चौथरा पूर्वेला असतो, नेहमी पूर्वेला, आणि अंगण दक्षिणेला, म्हणजे त्या गारठ्यात साधूंच्या हातापायांना थोडं तरी ऊन लागावं. तुझा सगळा मठ उलटा आहे. आणि मग, कारण ती तशीच होती, तिने पुढचंही सांगितलं: पुस्तकं तुझ्याकडे होती, थंडीबद्दल तूच आत्ता या लोकांना सांगितलंस, गरम राहायला सगळ्या मठात एकच शेकोटीची खोली होती हेही तुला माहीत आहे, आणि तरी तुला प्रश्न पडला नाही. मुख्य प्रश्न हाच होता. मी याला चांगले मार्क देऊ शकत नाही.

मागे कुणीतरी गोरा मुलगा खुदकन हसला. माझे कान तापले. थंडीबद्दल मीच सांगितलं होतं, झाडाखालचा हिवाळा मीच घरभर वाजवला होता, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की थंडीत माणूस उन्हात बसतो. पंधरा-सोळा वर्षांत मला कधी थंडी वाजलीच नव्हती, एसीखेरीज.

अब्बांना इंग्रजी कामापुरतं यायचं. मापं, डिलिव्हरी, ‘टुमॉरो शुअर’. मिसेस प्रॉक्टरचं हळू आवाजातलं बोलणं त्यांना कळलं नव्हतं. ‘ब्यूटिफुल’ तेवढं कळलं होतं, आणि ते अजून त्याच आनंदात होते. ते माझ्याकडे वळले. “काय म्हणते मॅडम?”

आता हे मी आयुष्यात कितीदा आठवलं असेल. मी काहीही सांगू शकले असते. ती म्हणते छान आहे, ती म्हणते हिला इतिहासच द्या. मिसेस प्रॉक्टरला मराठी येत नव्हतं, अब्बांना तिचं इंग्रजी येत नव्हतं, आणि मधला पूल मीच. अम्मीला तर माझा चेहरा बघूनच काहीतरी कळलं होतं आणि ती डोळ्यांनी मला खुणावत होती, सांग काहीतरी बरं. अब्बांनी शब्द दिला होता आणि त्यांचा शब्द फिरायचा नाही. दोन वर्षं, माझं घर, अम्मी, सगळं त्या एका वाक्यावर होतं, आणि ते वाक्य करायचं माझ्या हातात होतं. मला फार भीती वाटली. महाडची वाटली, आणि अब्बांना सगळ्यांसमोर ‘तुमचं चुकलं’ सांगायची त्याहून जास्त वाटली.

“म्हणते, मठ उलटा आहे,” मी म्हटलं. “त्यांचं तोंड पूर्वेला असतं. तिकडे थंडी असते, म्हणून अंगण उन्हात ठेवतात. माझं उत्तर चूक आहे. चांगले मार्क मिळणार नाहीत.”

 अब्बांनी हात पुढे करून चौथऱ्याच्या टोकाला बोट लावलं. “पूर्वेला? सगळ्यांचंच?”

“सगळ्यांचंच.”

“तिला सांग, तोंड मी ठरवलं होतं. मार्क कापायचे तर माझे काप म्हणावं.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. मिसेस प्रॉक्टर अब्बांकडे बघून म्हणाली, उत्तर हिने लिहिलंय, मार्क हिचेच. मीही ते तसंच मराठीत सांगितलं, एक शब्द न वगळता. अब्बांनी विचारलं, मुलीबद्दल आणखी काही म्हणायचंय का तिला. मी तेही विचारलं.  मिसेस प्रॉक्टर म्हणाली, मेहनती आहे, पण अजून मी काही सांगू शकत नाही. मी म्हटलं, “म्हणते, मेहनती आहे, पण अजून काही सांगू शकत नाही.” ती पुढच्या टेबलाकडे गेली.

पिकअपमध्ये मॉडेल मागे ताडपत्रीखाली, आणि आम्ही चौघे पुढे दाटीवाटीने, तबस्सुम अम्मीच्या मांडीवर.  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा अम्मीच म्हणाली, “मग? भावाला तुमच्या कळवायचं का, नसू येतेय म्हणून?”

 सिग्नल सुटला, मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा अब्बांनी गाडी हलवली. मग रस्त्याकडेच बघत म्हणाले, “मी एवढ्या मेहराबी बसवल्या. मला वाटायचं, जगात सगळे तिकडेच बघत असतील. मला कुणी सांगितलं नाही कधी. मी कुणाला विचारलंही नाही.”

“आता त्याचं काय,” अम्मी म्हणाली.

“हिने सांगितलं. चार लोकांत, माझ्या तोंडावर. खोटं बोलली असती तर मला काय कळणार होतं? मी पेढे घेऊन घरी आलो असतो.” त्यांनी गिअर बदलला. “त्या बाईला आत्ता काही सांगता येत नाही. मला येतंय. हिला राहू दे इथेच.”

मी रडायला लागले, आवाज करून, लहान पोरीसारखी. तबस्सुम म्हणाली, “व्हाय इज शी क्राइंग? शी वॉन.” अम्मीने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि स्वतःही डोळे पुसले. अब्बांनी गाडी कडेला घेतली, मला रुमाल दिला आणि म्हणाले, “रडून घे. घरी गेल्यावर चाचाला फोन मीच करेन, पण काय सांगायचं ते तू सांग. मठ मीच उलटा बसवला, हे खरं माझ्याच्याने त्याला सांगवणार नाही.”